पातं फिरू लागल्यावरची दहा मिनिटं

साहित्य घातलं, बटण दाबलं, झाकण लावलं की पाव आपोआप होतो, या भरवशावर ब्रेड मेकर घरात येतो. एखाद्या पावाचा माथा बसतो, एखादा दडस होतो आणि यंत्र माळ्यावर जातं. माझ्याकडे ते ओट्यावरच असतं. अनुभवाने सांगते, दोष बहुतेक वेळा यंत्राचा नसतो. यंत्र घड्याळाप्रमाणे चालतं आणि यीस्ट हवेतल्या उष्म्याप्रमाणे. त्या दोघांचा मेळ आपल्यालाच घालावा लागतो.

जपानच्या मात्सुशिता कंपनीने असं यंत्र १९८७ मध्ये बाजारात आणलं. आधीच्या नमुन्यांत पाव बाहेरून करपायचा आणि आत कच्चा राहायचा. तेव्हा कंपनीतल्या सॉफ्टवेअर बनवणाऱ्या इकुको तनाका ओसाका इंटरनॅशनल हॉटेलच्या मुख्य बेकरच्या हाताखाली शिकायला गेल्या. तो पीठ नुसतं ताणत नाही, ताणताना पिळतोही, हे त्यांनी हेरलं. तो पीळ यंत्रात यावा म्हणून आतल्या बाजूला खास कडा बसवल्या गेल्या. बेकरचा हात असा यंत्रात आला. पीठ पाहणारी त्याची नजर मात्र अजूनही आपल्यालाच द्यावी लागते.

माझं नेहमीचं माप ४०० ग्रॅम मैदा, २५० मिलिलिटर पाणी, ८ ग्रॅम मीठ, टेबलस्पूनभर साखर, दीड टेबलस्पून तेल आणि ४ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट. सगळं वजनकाट्यावर. कपाने मोजलं तर दाबून भरलेल्या आणि अलगद भरलेल्या मैद्यात सहज वीस-तीस ग्रॅमचा फरक पडतो, आणि तेवढ्याने पाव बिघडतो. माझ्या यंत्रात आधी पाणी, तेल, मीठ, साखर, त्यावर मैदा आणि मैद्यात खळगा करून यीस्ट घालायचं. टायमर लावून ठेवायचा असेल तर यीस्ट कोरडं राहणं फार गरजेचं.

पातं फिरू लागलं की पहिली तीन-चार मिनिटं पीठ ओबडधोबड दिसतं, कोपऱ्यांत कोरडा मैदा अडकतो. तो रबरी उलथन्याने खरवडून मध्ये ढकलायचा. आठ-दहा मिनिटांत गोळा तयार होतो, तेव्हा झाकण उघडून बोट लावायचं. चांगला गोळा गुळगुळीत असतो, पोळीच्या कणकेहून सैल, बोटाला किंचित चिकटून लगेच सुटणारा. तळाशी चिखलासारखा पसरला असेल तर चमचाभर मैदा भुरभुरायचा. भेगा पडल्या असतील आणि यंत्र धडधडत असेल तर चमचाभर पाणी घालायचं. दर चमच्यानंतर मिनिटभर थांबायचं, कारण पिठाला पाणी प्यायला वेळ लागतो.

पाव बिघडलाच, तर कारण त्याच्या रूपावरून कळतं. भरपूर फुगून भाजताना माथा बसला, तर पाणी किंवा यीस्ट जास्त झालं, किंवा स्वयंपाकघर फार तापलं होतं. मे महिन्यात मी फ्रिजमधलं पाणी वापरते आणि यीस्ट पाव हिश्श्याने कमी करते. पाव बुटका आणि दडस झाला, तर पाणी कमी पडलं किंवा यीस्ट जुनं होतं. कोमट साखरपाण्यात दहा मिनिटांत फेस आला नाही, तर ते यीस्ट टाकून द्यावं. बाजू आत ओढल्या गेल्या आणि कवच ओलसर लागलं, तर पाव भांड्यातच राहून वाफेने भिजला. भाजून होताच तो जाळीवर काढावा. आतून गिच्च लागला, तर बहुधा गरम असतानाच कापला. तासभर तरी धीर धरावा.

गव्हाच्या पिठाचं गणित वेगळं. चक्कीचं पीठ मैद्याहून बरंच जास्त पाणी पितं आणि कोंडा पिठाचा ताण तोडतो. म्हणून नुसत्या कणकेचा पाव मैद्याच्या पावाइतका उंच होत नाही. अर्धी कणीक, अर्धा मैदा आणि थोडं वाढीव पाणी घेतलं तर चव राहते आणि जाळीही पडते. पावसाळ्यात पीठ आधीच दमट असतं, तेव्हा पाणी चमचाभर कमी घालून सुरुवात करावी.

पीठ फुगायला ठेवलं असताना वीज गेली तरी ते फुकट जात नाही. झाकण बंद ठेवावं, यीस्टचं काम चालूच असतं. वीज आल्यावर गोळा दुप्पट झालेला दिसला तर फक्त भाजण्याचा प्रोग्रॅम लावावा.

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि ती वहीत लिहून ठेवा. पाणी, यीस्ट आणि पीठ तिन्ही एकदम बदललं, तर पाव कशामुळे सुधारला ते कळणार नाही. आणि तुमचं यंत्र माळ्यावर गेलं असेल तर ते खाली काढा. त्याला दुरुस्तीची नाही, पहिल्या दहा मिनिटांत तुमच्या लक्षाची गरज आहे.