धरून राहणारा ब्रेक आणि खर्चाचे गणित

सकाळी हलकी धावणारी मोटारसायकल दुपारी जड चालू लागली आणि पुढची डिस्क हात लावू नये इतकी तापली, तर ब्रेक धरून राहत असल्याचे समजावे. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो, तेव्हा हा दोष अधिक जाणवतो. ब्रेक ऑइल तापून प्रसरण पावते. मास्टर सिलिंडरमधील परतीचे सूक्ष्म छिद्र बुजलेले असल्यास त्याला मागे जाण्यास वाट उरत नाही आणि लिव्हर सोडूनही पॅड डिस्कला चिकटून राहतात.

दुरुस्तीचा खर्च दोष कोठे आहे यावर ठरतो. मेकॅनिकला चाक उचलून कॅलिपरचा ब्लीडर नट किंचित सैल करण्यास सांगावे. चाक लगेच मोकळे झाले तर दोष मास्टर सिलिंडर अथवा होजमध्ये. न झाल्यास कॅलिपरचा पिस्टन किंवा पिना अडकलेल्या. बहुधा सफाई, रबरी सील आणि नवे ऑइल एवढ्यावर भागते. संपूर्ण कॅलिपर बदलण्याचा सल्ला मिळाल्यास जुना पिस्टन पाहण्यास मागावा. त्यावर गंजाचे खड्डे असतील तर निदान पिस्टन तरी बदलावा लागतो. नुसते पॅड बदलणे व्यर्थ, नवेही तसेच घासले जातात. सील पेट्रोलने धुणे तर घातकच, कारण त्याने रबर फुगते.

ड्रम ब्रेकचे काम स्वस्तातले. पावसाळ्यानंतर कॅम गंजून अडकतो. तो साफ करून ग्रीस लावावे.

डॉट-४ ऑइल २३० अंशांपर्यंत उकळत नाही. आर्द्रता शोषल्यावर ही मर्यादा १५५पर्यंत घसरते. ऑइलची वाफ झाली, की धरून राहणारा हाच ब्रेक ऐनवेळी लागत नाही.