विजेला वाट देणारी काच

काच विजेला अडवते आणि धातू नजरेला, हे आपण शाळेपासून ऐकत आलो. पण लिपझिगच्या कार्ल बेडेकरने १९०७ साली कॅडमियमचा पातळ लेप हवेत तापवला, तर तो पारदर्शक झाला आणि वीजही वाहू लागला!

आज मोबाइलच्या पडद्यावर असतो तो इंडियम आणि कथील यांच्या ऑक्साइडचा लेप. केसाच्या जाडीचे पाचशे भाग करा. त्यातला एक भाग, एवढाच तो जाड. इंडियमच्या जागी बसलेला कथिलाचा अणू एक इलेक्ट्रॉन जास्तीचा आणतो, आणि तो मोकळा हिंडतो.

१९६४ साली अमेरिकेत थिओडोर कुवाना यांनी कथील-ऑक्साइडची अशी काच ओ-टॉलिडिनच्या द्रावणाला लावून आरपार प्रकाश सोडला. रेणूंनी काचेला इलेक्ट्रॉन दिले, की द्रावण पिवळे! इलेक्ट्रॉन कुणी पाहिलाय? पण त्याची देवघेव अशी दिसली.

खरी मेख मात्र पृष्ठभागात आहे. हवेतल्या तेलकट वाफा तिथे नकळत बसतात. आपल्याला काच लख्ख दिसते, इलेक्ट्रॉनला मात्र ती भिंत! रेणूभर अंतर वाढले तरी त्याची उडी कित्येक पटींनी मंदावते. म्हणून प्रयोगशाळेत ही काच साबणाने, मद्यार्काने धुऊन वर अतिनील किरणांखाली धरतात. दिवाळीची भांडीसुद्धा इतकी घासली जात नसतील!

१९९१ साली लोझानला ओ'रेगन आणि ग्रेट्झेल यांनी अशाच काचेवर टायटॅनियम ऑक्साइडचा सच्छिद्र थर देऊन त्याच्या कणाकणाला रंगद्रव्य चिकटवले. ऊन पडताच रंगद्रव्य इलेक्ट्रॉन सोडते, तो काचेवाटे तारेत उतरतो. उन्हातली सुमारे ७ टक्के शक्ती अशी विजेत आली.