‘२२० वजा वय’ आणि ट्रेडमिलवरचे इतर समज

जिममध्ये ट्रेडमिलच्या पडद्यावर किंवा समोरच्या भिंतीवर एक रंगीत तक्ता हमखास असतो. एका बाजूला वय, दुसऱ्या बाजूला हृदयाचे ठोके आणि मध्ये हिरवे, पिवळे, लाल पट्टे. पन्नाशीच्या माणसासमोर मिनिटाला १७० हा आकडा ‘कमाल’ म्हणून लिहिलेला असतो. तो पाहून कोणी धसका घेतो, की १७१ झाले तर काही खरं नाही. कोणी उलट त्या आकड्याच्या मागेच लागतो. दोघांचाही समज एकच: हा आकडा माझ्या हृदयाचा आहे.

तो तसा नाही. ‘२२० वजा वय’ हे सूत्र १९७१ साली अमेरिकेतल्या सॅम्युएल फॉक्स, जॉन नॉटन आणि विल्यम हॅस्केल यांच्या लेखातून पुढे आलं. त्यांनी आधी प्रसिद्ध झालेल्या दहाएक अभ्यासांतले आकडे एका आलेखावर मांडले आणि त्या ठिपक्यांमधून ढोबळ रेघ ओढली. ती काटेकोर नियम म्हणून कधीच मांडलेली नव्हती, असं हॅस्केल यांनी पुढे स्वतःच सांगितलं. पण वजाबाकी तोंडी करता येते, म्हणून सूत्र टिकलं. प्रत्यक्षात सूत्राच्या उत्तरापासून १०-१२ ठोक्यांचा फरक अगदी सहज पडतो. पन्नाशीतल्या एखाद्या निरोगी माणसाचं कमाल १५५ असेल, दुसऱ्याचं १८५, आणि दोघांच्याही हृदयात काही बिघाड नसेल. गावातल्या सगळ्यांच्या पायांची सरासरी काढून प्रत्येकाला त्याच मापाच्या चपला द्याव्यात, तसा हा प्रकार आहे.

२००१ साली हिरोफुमी तनाका आणि सहकाऱ्यांनी शेकडो अभ्यास एकत्र करून ‘२०८ वजा वयाच्या ०.७ पट’ असं सुधारित सूत्र दिलं. चाळिशीत दोन्ही सूत्रांचं उत्तर १८० येतं. सत्तरीत मात्र जुनं सूत्र १५० सांगतं आणि नवं १५९. म्हणजे जुना तक्ता ज्येष्ठांना जरा जास्तच जपतो. तरीही नवं सूत्रसुद्धा सरासरीच आहे.

मग स्वतःचं लक्ष्य ठरवायचं कसं? इथे फिनलंडच्या मार्ती कार्व्होनेन यांची पद्धत जास्त उपयोगी पडते. १९५७ सालच्या त्यांच्या कामातून ती आली आणि तिच्यात विश्रांतीतल्या नाडीला जागा आहे. सकाळी उठल्यावर, चहाच्या आधी, शांत पडून मिनिटभर नाडी मोजायची. तीन-चार दिवस मोजून सरासरी घेतली तर आणखी बरं. कमाल ठोक्यांतून ही नाडी वजा केली की उरतो तो हृदयाचा ‘राखीव’ साठा. मध्यम व्यायामासाठी या साठ्याचा साधारण ४० ते ५९ टक्के भाग नाडीत मिळवायचा. पन्नाशीतल्या दोघांचं उदाहरण घेऊ, दोघांचं कमाल १७० धरून. एकाची नाडी ६०, साठा ११०, म्हणून लक्ष्य १०४ ते १२५. दुसऱ्याची नाडी ८०, साठा ९०, लक्ष्य ११६ ते १३३. तक्त्यावर दोघं एकाच चौकटीत असतात.

हिशेबातलं कमाल अंदाजाचंच असल्यामुळे पडताळा शरीराकडून घ्यायचा. चालताना पूर्ण वाक्य बोलता येतं, पण गाणं म्हणता येत नाही, ही मध्यम गती. दोन-तीन शब्दांनंतरच श्वास घ्यावा लागत असेल, तर घड्याळ काहीही दाखवो, वेग कमी करा.

‘टीएमटीच्या, म्हणजे ट्रेडमिल टेस्टच्या वेळी कमाल ठोक्यांच्या ८५ टक्क्यांपर्यंत गेलो होतो, मग रोज तेवढं करायला काय हरकत?’ हा समज मला सगळ्यांत धोक्याचा वाटतो. ती तपासणी आहे. रूढ ब्रूस पद्धतीत ताशी २.७ किलोमीटर वेग आणि १० टक्के चढ यांपासून सुरुवात होते आणि दर तीन मिनिटांनी दोन्ही वाढवले जातात. छातीला ईसीजीच्या तारा लावलेल्या असतात आणि डॉक्टरांची नजर असते. हृदयावर ताण देऊन काय होतं ते पाहणं, हाच तिचा हेतू. सोसायटीच्या जिममध्ये तारा नसतात आणि डॉक्टरही नसतात.

तक्त्यावरच्या ‘फॅट बर्न’ पट्ट्याचं गणित अर्धवट सांगितलं जातं. हळू चालताना खर्च होणाऱ्या ऊर्जेत चरबीचा वाटा टक्क्यांनी जास्त असतो, हे खरं; पण एकूण खर्चच कमी असतो. वजन उतरवायचं असेल तर आठवड्याचा एकूण व्यायाम आणि ताटातलं जेवण हेच मोजावं लागतं.

पुढच्या दांड्याला लोंबकळत चढावर चालणाऱ्यांबद्दल काय बोलावं! शरीराचा भार हातांवर गेला की मेहनत घटते, आणि पडद्यावरच्या कॅलरी मात्र तशाच वाढत राहतात. तोल जातोय म्हणून दांडा धरावा लागत असेल तर वेग जास्त आहे, एवढाच अर्थ. सेफ्टी कीची क्लिप मात्र कपड्याला लावाच.

नवशिक्याने सुरुवातीची पाच मिनिटं रमतगमत, मग दहा-पंधरा मिनिटं लक्ष्याच्या खालच्या टोकाशी आणि शेवटची पाच मिनिटं पुन्हा हळू चालावं. हा शेवट गाळू नका. पट्टा एकदम थांबवला की पायांतलं रक्त तिथेच साचतं, रक्तदाब उतरतो आणि भोवळ येऊ शकते. दोन-तीन आठवड्यांनी आधी वेळ वाढवा, मग वेग, मग चढ. एका वेळी एकच.

काहींनी हा सगळा हिशेब बाजूलाच ठेवावा. मेटोप्रोलॉल किंवा अटेनोलॉलसारख्या गोळ्या नाडी मुद्दाम संथ ठेवतात. त्या घेणाऱ्याने तक्त्यातला आकडा गाठायचा प्रयत्न केला तर भलताच ताण पडतो. त्यांचं लक्ष्य डॉक्टरांनीच ठरवायचं. जुन्या मधुमेहात हृदयाचा त्रास छातीत न दुखताही होऊ शकतो, म्हणून पूर्वी न लागणारी धाप आता लागत असेल तर तिचं खापर वयावर फोडू नका. छातीत दडपण आलं, दुखणं जबड्यात किंवा हातात उतरलं, गरगरलं, तर आकडा हिरव्या पट्ट्यात असला तरी वेग उतरवून थांबा, कोणाला तरी हाक मारा, आणि काही मिनिटांत त्रास ओसरला नाही तर १०८ ला फोन करा. ओसरला तरीही डॉक्टरांना दाखवल्याशिवाय पुन्हा ट्रेडमिलवर चढू नका.