१०० तले ९८

कोथरूडला राहणारी माझी मावसबहीण म्हणजे किशोरी आमोणकरांचं गाणं तासन्‌तास ऐकणारी बाई. नवे स्पीकर घरात आले आणि ती अर्ध्या तासात उठून ते बंद करू लागली. आवाज टोचतो, डोकं उठतं, म्हणाली. दुकानदाराचं उत्तर ठरलेलं होतं: याहून वरचं मॉडेल घ्या. गाण्यावर जीव असलेलं माणूस गाण्यापासून उठून जातं, हे मला बघवेना. एक जुने, जाणते दुरुस्तीवाले काका येणार असं कळलं, तशी मीही जाऊन बसले.

काकांनी पिशवी दाराशीच ठेवली आणि खोलीच्या मध्यावर उभं राहून टाळी वाजवली. टाळीमागून ताणलेल्या तारेवर नख मारावं तशी बारीक झणझण आली. समोरासमोरच्या दोन मोकळ्या भिंतींत आवाज येरझारा घालतो, त्याची ती खूण. मग म्हणाले, "ताई, गाणं नको. बातम्या लावा." माणसाचं बोलणं प्रत्येक कानाला पाठ असतं, त्यात खोट लगेच सापडते. निवेदिका 'संसदेच्या सत्रात' म्हणाली आणि त्यातला प्रत्येक 'स' शब्दातून सुटून पुढे आला. काकांनी स्पीकरपासून हातभरावर कान नेला. तिथे 'स' अगदी सरळ होता. सोफ्यावर येऊन बसले, तर पुन्हा तेच टोचणं.

वायरींची अधिक-उणे टोकं, अ‍ॅम्प्लिफायरची बटणं तपासून झाली. दोष तिथे नव्हताच. काकांनी फरशीवर बोट ठेवलं. "या टाइलवर आवाजाचे १०० भाग पडले, तर ९८ परत येतात." वर पीओपीचं छत, एका बाजूला काचेची सरकती दारं, मध्ये काचेचं टीपॉय. १०० हर्ट्झच्या खर्जाची लाट जवळपास साडेतीन मीटर लांब. तिच्या जोराने काच थरथरते, थोडा आवाज खातेही. ३००० हर्ट्झची लाट जेमतेम ११ सेंटीमीटर. ती काचेवरून आणि टाइलवरून तशीच उलटते. नेमका २००० ते ५००० हर्ट्झच्या पट्ट्यात आपला कान सर्वांत हळवा. या दिवाणखान्यात ट्रेबल, म्हणजे हे वरचे सूर, जिरवणारं काहीच नव्हतं. फ्लॅट सजवताना डोळ्यांचा इतका विचार होतो; कानांचा कोणी करत नाही, याचं मला खरंच वाईट वाटलं.

पुढचं काम मी डोळे भरून पाहिलं. बहीण तिच्या नेहमीच्या जागी बसली. काका हातआरसा भिंतीला टेकवून हळूहळू सरकवत गेले. "दिसला?" "नाही." "आता?" "हो, दिसला!" आरशात स्पीकर दिसला ती जागा म्हणजे आवाज भिंतीवरून उलटून कानाकडे वळतो ती जागा. तिथे पेन्सिलीची खूण. मग विचारलं, "घरात गोधड्या असतील ना?" आजीच्या जुन्या लुगड्यांच्या दोन जाड गोधड्या निघाल्या. दुमडून, खुणांसमोर खुर्च्यांच्या पाठींवर टाकल्या, भिंतीपासून वीतभर पुढे. मागे हवेची फट राहिली की नुसता वरचा ट्रेबलच नाही, त्याखालचे सूरही थोडे जिरतात. पातळ पडद्याला ते जमत नाही, आणि भिंतीला चिकटवलेल्या अंड्यांच्या ट्रेमधूनही फारसं काही साधत नाही.

त्या गोधड्या पाहून मला एक जुनी गोष्ट आठवली. हार्वर्डमधल्या फॉग संग्रहालयाच्या व्याख्यानगृहात बोलणं घुमून कळेनासं होई. १८९५ साली ते सुधारायचं काम वॉलेस सबाइन या तरुण प्राध्यापकाकडे आलं. शेजारच्या सँडर्स नाट्यगृहातल्या गाद्या रात्री वाहून आणून त्याने घुमणं कसं उतरतं ते मोजलं आणि खोल्यांच्या ध्वनीचं शास्त्र उभं केलं. काकांना हे ठाऊक होतं की नाही, विचारायचं राहिलं. हात मात्र त्याच वाटेने चालत होते.

टाइलवर आतल्या खोलीतली गादी अंथरली. स्पीकरची तोंडं थेट कानांवर रोखलेली होती, ती जराशी बाहेर वळवली. ट्रेबलची धार सरळ समोर सर्वांत तेज असते. पुन्हा बातम्या. 'स' आता शब्दात बसला. मग किशोरीताईंचा भूप लागला. तानपुऱ्याची जवारी चकाकत होती, पण बोचत नव्हती. बहिणीला आणखी गोधड्या टाकायच्या होत्या. काकांनी अडवलं: सगळा ट्रेबल जिरवला तर खर्ज तेवढा उरतो, गाणं मंद होतं.

त्यांच्या पिशवीत १ ओहमचा रेझिस्टर होता. ८ ओहमच्या ट्वीटरला, म्हणजे स्पीकरमधल्या ट्रेबल वाजवणाऱ्या भागाला, तो जोडला की ट्रेबल साधारण १ डेसिबलने उतरतो. "तोही लावूनच टाका ना काका," बहीण म्हणाली.

"आत्ता नको. फरशीवर जाड गालिचा येऊ द्या, महिनाभर रोज ऐका. तरीही टोचलं, तर बोलवा."

पैसे त्यांनी फक्त येण्याजाण्याचे घेतले.