गॅसचा बंब न्हाणीबाहेरच बरा

थंडी पडू लागली, की पहाटे धारा काढणाऱ्याला आणि रात्रपाळीने पिकाला पाणी देऊन घरी येणाऱ्याला अंघोळीला ऊन पाणी हवेच. निफाडच्या बाजूच्या द्राक्षबागायतदारांना विचारा, पौषातली पहाट म्हणजे काय ते! पूर्वी परसात तांब्याचा बंब पेटत असे. आता सरपण मिळत नाही, विजेचा भरवसा नाही. म्हणून गॅसचा गिझर खेड्यापाड्यांत आला. तोटी सोडली की ऊन पाणी हजर. सोय मोठीच आहे. पण हे यंत्र कोठे बसवायचे, हा प्रश्न मात्र थेट जिवाशी येतो.

न दिसणारा धूर

बंब पेटला की डोळे चुरचुरत, म्हणून तो कोणी बंद न्हाणीत नेला नाही. गॅसची ज्योत निळी, स्वच्छ दिसते आणि आपण फसतो. कोणत्याही जळणाला हवा लागतेच. एक किलो गॅस जळायला सुमारे १२ घनमीटर हवा लागते. मिनिटाला ६ लिटर पाणी तापवणारा गिझर १० मिनिटांत अंदाजे १५० ग्रॅम गॅस जाळतो, म्हणजे जवळजवळ २ घनमीटर हवेतला प्राणवायू संपवतो. चार फूट रुंद, सहा फूट लांब आणि आठ फूट उंच न्हाणीत सगळी मिळून साडेपाच घनमीटरही हवा नसते.

दार-खिडकी लावून घरची माणसे एकापाठोपाठ न्हाऊ लागली, की प्राणवायू कमी पडतो, गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. सिलिंडरच्या गॅसला जो वास येतो, तो गळती कळावी म्हणून मुद्दाम मिसळलेल्या द्रव्याचा. या विषाला तसा वास नसतो. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनला ते प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून अधिक जोराने चिकटते. डोके दुखते, गरगरते, मळमळते, पाय गळतात. कडी काढायलाही बळ उरत नाही. बाळंतिणीच्या बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवू नये, ती याच वायूमुळे.

आणि घरात सर्वांत शेवटी न्हायला कोण जाते? बहुधा घरची लक्ष्मीच. सर्वांत वाईट हवा तिच्या वाट्याला येते.

बाहेर बसवताना

गिझर न्हाणीच्या बाहेरच्या भिंतीवर बसवा आणि फक्त ऊन पाण्याचा पाइप आत घ्या. पाइपाभोवतीचे भोक सिमेंटने लिंपून टाका. झरोक्याखाली किंवा खिडकीजवळ गिझर नको, नाहीतर बाहेर टाकलेला वायू त्याच वाटेने आत येईल. पाच-सहा फूट तरी बाजूला घ्या. त्याहून दूर जमल्यास उत्तम.

पावसापासून वर पत्र्याचे छप्पर हवे. पण चारी बाजूंनी पत्रे ठोकून पेटी करू नका. बंद केलेली पडवीही न्हाणीइतकीच धोक्याची. थेट वारा लागेल अशी जागा टाळा आणि ज्योत विझताच गॅस आपोआप बंद करणारा, आयएसआय खुणेचाच गिझर घ्या. कडब्याची गंजी, गोवऱ्या, भुसा जवळ नकोत.

गिझरला धुराचा पाइप असेल तर तो वर चढता न्यावा, वळणे कमी ठेवावीत आणि तोंड पागोळीच्या वर काढून टोपी बसवावी. त्यात कुंभारीण माशी घर करते. दरवर्षी दिवाळीपूर्वी तो साफ करून घ्या. ज्योत पिवळी दिसू लागली किंवा काजळी धरली, तर कारागीर येईपर्यंत गिझर बंद ठेवा.

सिलिंडर उभा, सावलीत आणि जमिनीच्या पातळीवर ठेवा. हा गॅस हवेहून जड असतो. गळला तर खड्ड्यात, गटारात साचतो. रबरी नळी उन्हात लवकर चिरते. तिच्यावर सावली असू द्या, दर पाच वर्षांनी ती बदला आणि चीर दिसली तर त्याआधीच. गळतीचा वास आला, तर विजेचे बटण चालू-बंद न करता रेग्युलेटर बंद करा आणि १९०६ या क्रमांकावर कळवा.

आधीच आत बसवला असेल तर

तो बाहेर हलवून घ्या. नळजोडणी करणाऱ्याचे ते थोडे काम आहे. तोवर दार-खिडकी उघडी ठेवून बादल्या भरा, गिझर बंद करा, हवा खेळू द्या आणि मगच अंघोळीला बसा. न्हाणीत पंखा बसवला म्हणजे धोका टळला, असे समजू नका.

कोणी आत कोसळलेच, तर बाहेरून गॅस बंद करा, दार उघडा, माणसाला ओढून मोकळ्या हवेत आणा आणि १०८ ला फोन करा. कांदा हुंगवत वेळ घालवू नका. माणूस शुद्धीवर आला, तरी दवाखान्यात न्यावेच. त्याला प्राणवायू द्यावा लागतो.

आज संध्याकाळी आपल्या न्हाणीच्या भिंतीकडे एकदा नजर टाका. गिझर आत असेल, तर उद्याच कारागिराला निरोप धाडा.