बिल खात्यात आले, घरात आले का?



हंगाम सुरू झाला की आपल्या तोंडी टनेज, उतारा आणि पहिली उचल हेच विषय असतात. आज आम्ही जरा वेगळा हिशेब मांडीत आहोत. एक टन ऊस गाळला की साखरेखेरीज साधारण ४० ते ४५ किलो मळी निघते आणि तेवढ्या मळीतून आसवनीत दहाएक लिटर अल्कोहोल तयार होते. त्यातले काही औषधांना व रसायनांना लागते, काही इथेनॉल होऊन पेट्रोलमध्ये मिसळते आणि काही बाटलीत भरले जाते. ती बाटली फिरून आपल्याच गावच्या फाट्यावर येते आणि ऊसबिलातला वाटा घेऊन जाते. तेव्हा दारूचा विषय आपला नव्हे, असे म्हणून आम्हांला चालणार नाही.

गावात पिणाऱ्याबद्दल दोन बोल ऐकू येतात. एक, "मनात आणलं तर उद्या सोडील." दुसरा, "तो गेला कामातून." दोन्ही बोल खरे नव्हेत. दारूचे व्यसन हा आजार आहे. जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या यादीत तो घेतला आहे. मधुमेहासारखेच याचेही आहे. आटोक्यात राहतो, पण पथ्य जन्मभर.

रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केली तर हात कापतात, झोप उडते, फिट येऊ शकते. दोन-तीन दिवसांत भ्रम होऊन माणूस भलतेच बडबडू लागतो. यात जीवही जाऊ शकतो. पंढरीची माळ घालून सुटलेली माणसे आपल्या गावोगावी आहेत, त्या माळेला आमचा नमस्कारच आहे. पण आधी डॉक्टर, मग माळ.

दुसरी गोष्ट मायबहिणींसाठी. दारू सोडवण्याची पूड भाजीत चोरून घालू नका. डायसल्फिराम नावाच्या गोळीवर दारू प्याली गेली तर छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो, प्रसंगी माणूस दगावतो. ही गोळी रुग्णाला सांगून, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायची असते.

पुण्यात येरवड्याला १९८६ साली डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनी मुक्तांगण सुरू केले. पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांनी त्यासाठी मदतीचा हात दिला. तिथे औषधाबरोबर कामाची शिस्त, गप्पा, योगासने आणि घरच्यांशी बोलणे यांवर भर दिला गेला. स्वतः व्यसनातून उठलेली माणसेच नव्या रुग्णाला आधार देऊ लागली. अमेरिकेतील अक्रन गावी १९३५ साली एक शेअर दलाल आणि एक सर्जन, दोघेही दारूने पोळलेले, एकमेकांना धरून सावरले. त्यातून अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस ही संघटना उभी राहिली. तिच्या सभा आपल्याकडे मराठीतही होतात, फी लागत नाही. "जन्मभर सोडली" अशी भाषा तिथे नाही. "आजचा दिवस नाही" एवढेच.

खरी कसोटी घरी परतल्यावर लागते. एखादा पुन्हा घसरला तर "बघा, आम्ही म्हणत होतोच" असे पारावर बोलू नका. फेर उलटला म्हणून आपण खोडवा लगेच मोडीत नाही. नांग्या भरतो, पाणी देतो. तसेच त्याला पुन्हा उपचाराला न्या.

आमची सभासदांना विनंती एवढीच. बिलाच्या दिवशी सावरू पाहणाऱ्याला एकटे सोडू नका. घरात राजीखुशीने ठरत असेल तर बँकेचे खाते पती-पत्नीच्या संयुक्त नावे करा. लग्नात, वरातीत "एकच घे" असा आग्रह त्याला कुणी करू नये. गडी न पिता कामावर आला तर त्याला रोजचेच काम द्या, संशयाने बघू नका. आणि घरी अडचण असेल तर लाज न धरता प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा, किंवा केंद्र सरकारच्या १४४४६ या मोफत व्यसनमुक्ती क्रमांकावर फोन करा.

उसाला पाणी एक पाळी उशिरा मिळाले तर टनेज घटते. माणसाच्या बाबतीत तेवढीही वाट पाहू नका.