न भरणाऱ्या जखमा आणि उपचारांचा क्रम

रावेर-यावलच्या वाचकांना केळीच्या पानाची ओळख करून देण्याची आवश्यकता नाही. हेच पान निर्जंतुक करून मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी भाजलेल्या जखमांवर वापरले. त्यांचे निष्कर्ष २००३ साली ‘बर्न्स’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पान जखमेला चिकटत नाही, त्यामुळे पट्टी काढताना वेदना कमी होतात; शिवाय ते अत्यंत स्वस्त आहे.

परंतु मधुमेहाने किंवा कुष्ठरोगाने तळपायाला पडलेली जखम निराळी असते. तेथील संवेदनाच गेलेली असते. रुग्ण त्याच पायाने शेतात चालत राहतो आणि जखम महिनोन्महिने भरत नाही. अशा जखमेवर धुळे-जळगावच्या शेतात तोडलेले पान घरच्या घरी बांधू नये.

जखम कोरडी ठेवावी, हा आपल्याकडील जुना समज. जॉर्ज विंटर यांनी १९६२ मध्ये डुकरांच्या त्वचेवर प्रयोग करून दाखविले की ओलसर ठेवलेल्या जखमेवर नवी त्वचा लवकर येते. आजच्या पट्ट्या याच तत्त्वावर आधारलेल्या आहेत. मात्र केवळ पट्टीने काम भागत नाही. प्रथम मृत ऊतक काढावे लागते. जंतुसंसर्ग असल्यास चांदीयुक्त पट्टी काही काळ वापरतात व तो आटोक्यात येताच थांबवितात. स्राव फार असल्यास शोषक पट्टी किंवा निर्वात दाबाचे यंत्र लावतात. जखमेचा तळ लाल व स्वच्छ झाल्यावरच कोलॅजन किंवा वृद्धिघटकाच्या जेलचा विचार होतो. हे महागडे जेल घाणेरड्या जखमेवर लावणे म्हणजे पैसा पाण्यात घालणे होय. सर्वच औषधे एकमेकांशी जुळतात असेही नाही: मृत ऊतक विरघळविणाऱ्या कोलॅजिनेज मलमाचा प्रभाव चांदी व आयोडीनमुळे घटतो. म्हणून दोन मलमे आपल्या मनाने एकत्र लावू नयेत.

रक्तातील साखर आटोक्यात नसेल, पायाला रक्तपुरवठा अपुरा असेल अथवा जखमेवर शरीराचा भार पडत असेल, तर यांपैकी काहीही उपयोगी पडत नाही. कुष्ठरुग्णांसाठीची मऊ रबराची एमसीआर चप्पल साधी दिसते, पण तिचे मोल मोठे आहे.

धुळे व जळगाव या दोन्ही ठिकाणी आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. चार आठवड्यांत जखम निम्मीही भरली नाही, तर तेथे दाखवावे. बोट काळे पडले, दुर्गंधी आली किंवा ताप चढला, तर त्याच दिवशी.